भीती मोजणाऱ्या सतरा विधानांची गोष्ट

१/ वर्षानुवर्षे पाठदुखी सोसणाऱ्या माणसाला वैद्यक एकच प्रश्न विचारत आले : किती दुखते? विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला : हालचाल केली तर काय होईल, असे तुम्हाला वाटते? या दुसऱ्या प्रश्नाच्या मोजपट्टीचा हा इतिहास. #थ्रेड

२/ सुरुवात विश्रांतीपासून करावी लागते. १८६३ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरील व्याख्याने ग्रंथरूपाने आली. दुखरा अवयव स्थिर ठेवावा, निसर्ग तो बरा करतो, हे त्यांचे सूत्र. मोडलेल्या हाडाला लागू पडणारे हे सूत्र पुढे साध्या पाठदुखीलाही लावले गेले.

३/ १९३४ मध्ये अमेरिकेत विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मणक्यांमधली गादी फुटून नसेवर दाब येऊ शकतो, हे दाखवले. शोध खरा होता. पण त्यातून ‘गादी सरकली’ हे चित्र जनमानसात रुजले आणि जरा वाकताच निखळेल अशी वस्तू म्हणून लोक पाठीकडे पाहू लागले. अंथरुणाला खिळून राहणे हा उपचार ठरला.

४/ एकाच प्रकारच्या दुखापतीतून एक जण सावरतो, दुसरा का नाही? १९८३ मध्ये ब्रिटनमधील लेथम, स्लेड, ट्रूप आणि बेंटली यांनी उत्तर सुचवले : वेदनेच्या भीतीला माणूस सामोरा जातो किंवा ती टाळतो. टाळत गेल्यास शरीर दुबळे होते आणि भीती खोटी ठरण्याची संधीच मिळत नाही.

५/ १९९० मध्ये कोरी, मिलर आणि टॉड यांनी या भीतीला ग्रीक शब्दांवरून ‘किनिसिओफोबिया’ हे नाव दिले. पुढच्या वर्षी फ्लोरिडातील टँपा शहराच्या नावाची मोजपट्टी आली. १७ विधाने, प्रत्येकापुढे ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटते’पर्यंत चार पर्याय. गुण किमान १७, कमाल ६८.

६/ १९९३ मध्ये ग्लासगोचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल आणि सहकाऱ्यांनी १६ विधानांची दुसरी प्रश्नावली मांडली. तिने शारीरिक हालचालीची धास्ती आणि कामाची धास्ती वेगळी केली. वेदनेची तीव्रता हिशेबात धरूनही, कामाविषयीची धास्ती अपंगत्वाशी आणि बुडालेल्या कामाशी जोडलेली आढळली.

७/ १९९५ मध्ये योहान व्लायेन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ३३ रुग्णांना एक साधी हालचाल करायला लावली. प्रश्नावलीत ज्यांची भीती अधिक दिसली होती, त्यांनीच ती अधिक टाळली. कागदावरचे गुण प्रत्यक्ष वागण्याशी जुळले. पुढे रोजच्या कामांची छायाचित्रे दाखवून प्रत्येक काम किती घातक वाटते, हे ० ते १०० या पट्टीवर विचारले जाऊ लागले.

८/ त्याच वर्षी हेलसिंकीतील १८६ कर्मचाऱ्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. पाठ नुकतीच धरलेल्यांपैकी जे झेपेल तसे नेहमीचे व्यवहार करत राहिले, ते दोन दिवस अंथरुणात घालवणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. १९९७ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने हाच संदेश दूरचित्रवाणीवरून दिला. सामान्य लोकांबरोबर डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठदुखीच्या भरपाईचे दावे घटले.

९/ डॉक्टरांच्याही, हा शब्द महत्त्वाचा. ‘वाकू नका, उचलू नका, पडून राहा’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगणारे वैद्यकच होते. रुग्णाने तो सल्ला मनावर घेतला आणि नंतर त्याच आज्ञापालनाला ‘फोबिया’ हे नाव मिळाले. ही विधाने बव्हंशी समजुती विचारतात. समजूत शिकवलेली असते, म्हणून ती बदलताही येते.

१०/ इथेच या मोजपट्टीचा धोकाही आहे. ‘गुण जास्त, म्हणजे दुखणे मनाचे’ असा अर्थ काढला, तर खरी वेदना सोसणाऱ्यावर पुन्हा अन्याय होतो. व्लायेन यांच्या गटाने २००१ मध्ये चार रुग्णांवरील उपचारांचा अभ्यास मांडला, त्यात गुणांचा उपयोग वेगळा होता. कोणत्या हालचालीची भीती आहे हे विचारायचे, आणि सर्वांत कमी भीती वाटणाऱ्या हालचालीपासून रुग्णासोबत सुरुवात करायची. (समाप्त)