गुर्जर आडनावांतील पेढी आणि दप्तर

आडनाव ऐकताच घराण्याचे मूळ गाव ओळखण्याची सवय आपल्या ‘कर’कारान्त नावांनी मराठी माणसाला लावली असल्याने, गुजराथेतील आडनावे पाहू लागताच त्याला प्रथम जाणवते ते हे, की भरुचा, धोळकिया, सुरती अशी ग्रामवाचक नावे तेथेही असली, तरी मान गावापेक्षा धंद्याला आणि अधिकाराला अधिक आहे.

त्या प्रांताच्या सागरी व्यापाराचा इतिहास मला तर अशा तीन-चार नावांतच साठविलेला दिसतो. मोगल अमदानीत सुरतेच्या बंदरी उतरलेली परदेशी चांदी टांकसाळीत जाऊन तिचा रुपया होई. कच्छ आणि नवानगर येथील ‘कोरी’ नावाची नाणी चालत, पुढे बडोद्याचे बाबाशाही रुपयेही आले. आणि या प्रत्येक नाण्याचे वजन, कस, झीज व बट्टा निरनिराळा असल्यामुळे, नाणे पारखणारा पारेख, त्याची अदलाबदल करणारा नाणावटी आणि सोन्याचा कस सांगणारा चोकसी यांच्यावाचून व्यापाऱ्याचे पाऊल पुढे पडत नसे. सुरतेत नाणावट नावाचा मोहल्ला आजही आहे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला आणि या सूक्ष्म कसबाची गरज हळूहळू ओसरली. ज्यांच्या पूर्वजांनी ते जोपासले, त्यांच्या घराण्यांत त्याचे नाव मात्र टिकून राहिले.

दुसरा मोठा समूह दप्तरातून आला. परगण्याच्या वसुलीची जबाबदारी देसायाकडे, जमाबंदीचा हिशेब मजमुदाराकडे, लेखन मुनशी व मेहता यांच्याकडे, अशी वाटणी असे. सुलतानी गेली, मोगलाई गेली, पेशवे-गायकवाडांचा अंमल आला, तरी ही वतने बहुधा त्याच घराण्यांत चालत राहिली. आपले मुजुमदार याच परंपरेतले. अधिकार हेच नावाचे मूळ असल्यामुळे ते एका जातीत कोंडले गेले नाही: दक्षिण गुजराथेतील अनाविल ब्राह्मण देसाई आहेत, तसे चरोतरातील पाटीदारही, मेहता नागर ब्राह्मणांत सापडतात, तसे जैनांतही. म्हणून केवळ आडनावावरून तेथील माणसाची जात सांगू जाणे हा मला उतावळेपणा वाटतो. पटेल या नावाची गती नेमकी उलट झाली. गावाच्या मुखियाचे ते पद पाहता पाहता साऱ्या पाटीदार समाजाची ओळख होऊन बसले.

नाव एकदा घराण्याला चिकटले, की ते पुढच्या उत्कर्षाबरोबर बदलत नसे. महात्माजींनी आत्मचरित्रात आपले पूर्वज मूळचे किराणा विकणारे असावेत असे नमूद केले आहे. पण त्यांचे आजोबा उत्तमचंद पोरबंदरचे दिवाण झाले, वडील करमचंद पोरबंदर आणि राजकोट या संस्थानांचे दिवाण झाले, आणि दिवाणगिरी घरात इतकी रुळूनही घराणे किराण्याचा धंदा सांगणारे गांधी हेच नाव लावीत राहिले.