सेलातली काळी पूड

टॉर्चचा संपलेला सेल दगडाने ठेचून फोडण्याचा उद्योग विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांच्या पोरांनी केलेला आहे. वरचं लाल वेष्टण सुटलं की आत जस्ताची डबी, डबीच्या मधोमध कार्बनची कांडी आणि कांडीभोवती ठासून भरलेला ओलसर काळा मसाला. कांडी भिंतीवर रेघा ओढायला कामी येई, कांडीवरची टोपी खिशात जाई आणि मसाल्याने काळे झालेले हात घरी मार देऊन जात. त्या मसाल्यात मुख्य वस्तू असते मँगनीज डायऑक्साइड. मँगनीजशी पारशिवनीची ओळख मात्र गावात सेल येण्याच्याही आधीची आहे.

पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातलं पेंच नदीकाठचं तालुक्याचं गाव. दक्षिणेला कन्हान, पूर्वेला रामटेक-मनसर, उत्तरेला सातपुड्याची रांग आणि पेंचचं जंगल. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणारे बंगळुरू-पुण्याच्या पलीकडे सहसा जात नाहीत. पारशिवनीसारखं गाव त्यांच्या लेखी फक्त गिऱ्हाईक. पण इथल्या जमिनीखालून काय गेलं आणि इथे काय विकत घेतलं गेलं, या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या तर चित्र बरंच बदलतं.

जमिनीखालून गेलं ते आधी. 1896 मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ नावाची एक ब्रिटिश मंडळी उभी राहिली. आजच्या भाषेत स्टार्टअपच म्हणायची: हाती खाण नाही, उत्पादन नाही, आहे ते शोध घेण्याचे परवाने आणि खडक नशीब काढतील ही आशा. विसावं शतक उजाडता उजाडता मनसरला खोदकाम सुरू झालं आणि पाहता पाहता हा सगळा पट्टा मँगनीजच्या शोधात निघालेल्या लोकांनी भरून गेला. टेकडी दिसली की दगड फोडून बघायचा, जड आणि काळा निघाला की अर्ज टाकायचा.

त्यांच्या मागोमाग जिऑलॉजिकल सर्व्हेचा लुईस ली फर्मर आला. भारतातल्या मँगनीजवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ 1909 साली निघाला. नागपूर जिल्ह्यातल्या ठिकाणांच्या त्याच्या यादीत पारशिवनी आहे आणि पेंचच्या काठचं घोगराही आहे. महाशिवरात्रीला ज्या महादेवाच्या यात्रेला लोक लोटतात तेच हे घोगरा. या मँगनीजयुक्त खडकांना त्याने ‘गोंडाइट’ नाव दिलं, इथल्या गोंडांवरून. बेलडोंगरीच्या खाणीत त्याला एक चुंबकीय खनिज सापडलं, त्याचं नाव मात्र सहकारी व्रेडेनबर्ग याच्यावरून ठेवलं गेलं. पुढे ते एक खनिज नसून दोहोंचं मिश्रण असल्याचं ठरलं. तरीही कित्येक वर्षं युरोपातल्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत रामटेक-पारशिवनीकडची खेडी अशी अधूनमधून भेटत राहिली, आणि त्या खेड्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

धंद्याला खरी उकळी आणली ती दूरच्या रशियाने. तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या जॉर्जियातल्या चियातुराच्या खाणी जगाला मँगनीज पुरवत. 1905 च्या क्रांतीत तिकडची कामं आणि रेल्वे विस्कळीत झाली, भाव चढले आणि युरोपातले पोलाद कारखाने मध्य प्रांताकडे वळले. दोनेक वर्षांत भारत मँगनीज काढण्यात जगात अग्रेसर झाला. मग 1907 च्या शेवटी अमेरिकेत आर्थिक घबराट उडाली आणि भाव गडगडले. तेजी बघून उतरलेले किरकोळ धंदेवाईक जसे आले तसे गेले. स्टार्टअपच्या जगात हे चक्र हल्ली नव्याने शोधल्यासारखं सांगितलं जातं, ते इथल्या टेकड्यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

काम मात्र हातांचंच होतं. सुरुंगाने सुटलेला दगड हातोड्याने फोडायचा, पांढरा गारगोटीचा भाग झाडायचा, काळा तुकडा तळहातावर तोलायचा. चांगलं खनिज त्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा चटकन जड लागतं, आणि निवडणाऱ्या बायकांना हे वजन प्रयोगशाळेच्या आधी कळे. मोबदला मोजलेल्या मालावर. 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी झाली, वरची फोडणी-निवड त्यांच्याकडेच राहिली.

सुरुवातीला हा सगळा माल देशाबाहेर जाई. कारण साधं होतं: देशात मोठ्या प्रमाणावर पोलाद बनतच नव्हतं. तो विषयही नागपूरशी येऊन भिडतो. दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात पाहिलेल्या भूगर्भाच्या नकाशावर दुर्गकडचा लोखंडाचा भाग गडद रंगवलेला होता, आणि त्या नकाशाने त्यांच्या शोधाला वळण दिलं, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत येते. टाटांच्या साकचीच्या कारखान्यात पहिलं पोलाद 1912 मध्ये निघालं. तरी मँगनीजची मुख्य वाट समुद्राकडेच राहिली. 1933 मध्ये उघडलेलं विशाखापट्टणमचं बंदर मुख्यतः मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर काढायला बांधलं गेलं, एवढं सांगितलं तरी त्या काळच्या व्यापाराचा आवाका कळतो. सिंडिकेटची पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. 1962 मध्ये सरकार भागीदार झालं आणि ‘मॉइल’ जन्माला आली. 1977 मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे.

आता सेलाकडे. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने 1866 मध्ये जस्त, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा सेल केला, पण त्यात द्रव होता. सांडलं की संपलं. 1886 मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनरने तो मसाला घट्ट केला आणि सेल खिशात घालण्याजोगा झाला. सेल चालताना कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन साठतो आणि वीज अडवतो. मँगनीज डायऑक्साइड तो हायड्रोजन शोषून घेतो म्हणून सेल पुढे चालतो. मेलेला सेल उन्हात ठेवला की थोडा उजेड परत येई, घरोघरच्या या उपायामागेही हेच रसायन होतं: उष्णतेने आणि विश्रांतीने आतली प्रक्रिया थोडी सुधारते.

इथे एक खुलासा हवा. पारशिवनी-रामटेककडचं खनिज बहुतांशी पोलादाच्या भट्टीला लागणारं. सेलाला चालणारं डायऑक्साइड प्रतीचं खनिज मिळतं ते शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला. तिथेच मॉइलने 1991 मध्ये विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखाना टाकला. देशात असा माल बनवणारी ती एकमेव कंपनी म्हणून ओळखली जाते. तेव्हा पोरांनी फोडलेल्या सेलात गावाच्या टेकडीचाच दगड होता असं म्हणणं रंजक असलं तरी खरं नाही.

सेल या भागात रुजला तो जाहिरातीमुळे कमी आणि जागलीमुळे जास्त. पेंचच्या जंगलाला लागून शेत असलं की रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखायला रात्र मचाणावर काढावी लागते. कंदील जवळचं दाखवतो, दोन-तीन सेलांची बॅटरी शेताच्या धुऱ्यापर्यंत झोत टाकते. या कामासाठी शेतकरी पैसे मोजायला तयार होता. टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणणाऱ्या या भागात ती चैनीची चीज कधी नव्हती, विळ्या-कुऱ्हाडीच्या रांगेतली होती. साप-विंचवाच्या दिवसांत परसाकडे जायलाही तीच.

एव्हरेडी कंपनी भारतात 1934 मध्ये कलकत्त्याला सुरू झाली, नंतर नॅशनल कार्बन झाली आणि 1959 मध्ये युनियन कार्बाइड इंडिया. लाल सेल गावोगावच्या किराणा दुकानात बिडी-काडेपेटीच्या शेजारी असत, आणि तोच हात भोपाळमध्ये कीटकनाशक बनवत होता. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथे वायू सुटला. भोपाळ नागपूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. 1994 मध्ये कंपनी विकली गेली आणि पुढच्या वर्षी तिला एव्हरेडी हे जुनं नाव परत मिळालं. दुकानातला सेल मधल्या सगळ्या काळात लालच राहिला. गॅजेट वापरणाऱ्याचं आणि कारखान्याचं नातं किती तुटक असतं, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणं अवघड आहे.

सेलाचं दुसरं मोठं गिऱ्हाईक ट्रान्झिस्टर. नागपूर आकाशवाणी 16 जुलै 1948 ला सुरू झाली. सुरुवातीचे रेडिओ वाल्व्हचे, विजेवर चालणारे. वीज नसलेल्या खेड्यात रेडिओ खऱ्या अर्थाने पोचला तो साठ-सत्तरच्या दशकात, ट्रान्झिस्टर आल्यावर. ठाण्याचा मर्फी, पुण्याकडचा फिलिप्स ही महाराष्ट्रात बनणारी नावं घराघरांत गेली. पोस्टात वर्षाचं लायसन्स भरावं लागे आणि लग्नात रेडिओ मागितला जाई. दोन्ही गोष्टींची आता थट्टा होते, पण बाजारभाव आणि पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्रावर सरकार वार्षिक कर घेत होतं, हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही.

मग वीज आली, आणि त्यातही पारशिवनीचा वाटा आहे. तोतलाडोहला पेंच अडवून 160 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या भागीदारीचं. खाली नवेगाव खैरीच्या धरणातून कालवा निघतो. त्याचं पाणी नागपूर शहर पितं आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांनाही तेच लागतं. कन्हानकडच्या कामठी, इंदर, गोंडेगावच्या कोळसा खाणीही याच तालुक्यातल्या. एका तालुक्यातून मँगनीज, कोळसा आणि पाणी असं तिन्ही बाहेर गेलं, आणि परतीच्या वाटेने बल्ब, पंखा, टीव्ही, मोबाइल आले. तालुक्याला नोकऱ्या मिळाल्या हे खरं. धूळ आणि पाण्याची टंचाईही मिळाली, तीही इथल्याच वाट्याला.

मोबाइलने जुना सेल हटवला. गंमत अशी की फोनच्या बॅटरीत मँगनीज जवळपास नसतंच, तिथे लिथियमबरोबर कोबाल्ट लागतं. मँगनीज लागतं ते विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या अनेक बॅटऱ्यांत. मायकेल थॅकरे आणि जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लिथियम-मँगनीजची ती वाट दाखवली. पण त्यासाठी लागणारं अतिशुद्ध मँगनीज जगात जवळजवळ सगळं चीन बनवतो. खनिज सातपुड्यात, शुद्धीकरण चीनमध्ये, आणि तयार स्कूटर नागपूर रोडवरच्या शोरूममध्ये. 1905 मध्ये जे युरोपाने केलं तेच, फक्त दिशा पूर्वेची.

पुढे पेंचच्या जंगलातही एक नवं यंत्र येऊन बसलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कोलितमारा भागात किरंगीसर्रा इथे 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा वणवा टिपणारा कॅमेरा लागला. ‘पँटेरा’ त्याचं नाव. धूर उठल्यावर तीन मिनिटांत इशारा देतो, असं वन विभागाने तेव्हा सांगितलं. ही गोष्ट दिल्ली-बंगळुरूच्या बातम्यांतही झळकली. बातमीत न आलेला भाग असा की, इथला बराचसा वणवा मोहफुलांच्या हंगामात लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केली की गळलेली पिवळी फुलं वेचायला सोपी जातात, आणि वारा फिरला की तीच आग पुढे सरकते. त्यावर झाडाखाली जाळी पसरून फुलं गोळा करण्याचा उपाय आहे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढण्याचा आहे, हंगामी अग्निरक्षक नेमण्याचा आहे. कॅमेऱ्याचा इशारा शेवटी वनरक्षकाच्या मोबाइलवर जातो, आणि तो पाठीला ब्लोअर बांधून मोटारसायकलने निघतो. रस्ता संपला की उरलेलं अंतर पायीच कापावं लागतं.