परवान्याची पन्नास वर्षे

परवा पत्र्याच्या पेटीत माझे पहिले लायसन्स सापडले. १९७६ सालचे. छोट्या पुस्तकासारखे, आत चिकटवलेला फोटो (केस काळेभोर!) आणि नूतनीकरणाचे शिक्के. सध्याचे प्लॅस्टिकचे कार्ड यंदा, २०२६ मध्ये, संपते आहे. ते पुन्हा करावे का, यावर आमच्या घोटीच्या घरात दोन तट पडलेत. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, आता पुरे." आणि हिच्या गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा नाशिक गाठावे लागते, ते कोणी करायचे?

मास्तरकीची खोड, म्हणून या कागदाचा इतिहासच काढून बसलो. १८८८ मध्ये कार्ल बेंझला स्वतःचीच मोटार रस्त्यावर आणायला सरकारी परवानगी घ्यावी लागली. पॅरिसमध्ये १८९३ पासून चालकाला पोलिसांचे प्रमाणपत्र लागू लागले. ब्रिटनमध्ये १९०३ चा कायदा झाला आणि पुढल्या वर्षापासून पाच शिलिंग भरले की लायसन्स हातात! परीक्षा सक्तीची झाली ती थेट १९३५ मध्ये. म्हणजे तीस वर्षे नुसती पावती. आपल्याकडे १९१४ चा कायदा, मग १९३९ चा. माझे पुस्तक या दुसऱ्या कायद्याखालचे.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि वयाचा हिशेब आला. वीस वर्षे किंवा वयाची चाळिशी, जे आधी येईल तोवर परवाना. पुढे दर पाच वर्षांनी. १९९४ च्या दुरुस्तीत चाळिशीची पन्नाशी झाली. सरकारने माझे तारुण्य दहा वर्षांनी वाढवले, असे मी तेव्हा स्टाफरूममध्ये सांगत असे. २००० साली पन्नाशी गाठली आणि पाच-पाच वर्षांचे हप्ते सुरू झाले. २०२० चा हप्ता कोरोनात अडकला. सरकार मुदत वाढवत गेले आणि माझे काम २०२१ मध्ये झाले.

२०१९ च्या दुरुस्तीने मात्र जुनी तीस दिवसांची सवलत गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही विनापरवाना. संपण्याआधी वर्षभर आणि नंतर वर्षभर अर्ज करता येतो. त्यापुढे गेलात तर पुन्हा चाचणी. पूर्वी ही ढील पाच वर्षांची होती. तेव्हा "बघू पुढे" म्हणायची सोय नाही.

खरी मेख आहे ती फॉर्म १-अ मध्ये, डॉक्टरांच्या दाखल्यात. त्यात एक प्रश्न असा, की लख्ख उजेडात २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? ब्रिटनच्या परीक्षेतही पूर्वी हेच होते, २५ यार्डांवरून.

इथले डॉक्टर माझेच विद्यार्थी. "सर, तुमचं काय बघायचं," म्हणत त्यांनी पेन उघडले. मी म्हटले, थांबा. मला दवाखान्याबाहेर नेऊन उभे करा. समोर भाताची पोती लादलेला टेम्पो होता. एमएच १५ वाचले. ते तर पाठच आहे. पुढची अक्षरे आली. चार आकड्यांतला तिसरा तीन की आठ, ते काही केल्या ठरेना. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावले आणि मोतीबिंदू तपासायला सांगितले.

शस्त्रक्रिया पुढच्या मंगळवारी आहे. फॉर्म कोराच ठेवलाय. मुलाला अजून काही कळवलेले नाही. हे वाचून कळेलच म्हणा.