आकड्याच्या मागे

मूत्रपिंडविकारात डीएम करून संशोधनाच्या फेलोशिपकडे वळलेल्या तरुण डॉक्टरांसाठी हे पुस्तक आहे. बायॉप्सी घेणं, डायलिसिसचं कॅथेटर घालणं तुम्हाला येतंच. ते इथे पुन्हा शिकवलेलं नाही.

समजा, पासष्ट वर्षांची, जेमतेम चाळीस किलोची शेतमजूर बाई ओपीडीत आली आहे. क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. हाच आकडा २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातला, तर ईजीएफआर ५६च्या आसपास येतो, म्हणजे ६०च्या खाली. तोही फसवा असू शकतो. हे सूत्र प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवर बेतलेलं आहे, आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. जिच्या अंगावर मांस नाही आणि ताटातही नाही, तिची मूत्रपिंडं या आकड्याहून अधिक खचलेली असू शकतात. आपण नेमकं काय मोजतो आहोत, हे विचारायला लागलात की तुमचं शिक्षण सुरू झालं, असं मी मानतो.

या प्रश्नाची किंमत बार्डोक्सोलोनने दाखवून दिली. मधुमेहामुळे मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या रुग्णांमध्ये या औषधाने ईजीएफआर वाढला, तेव्हा सगळ्यांच्याच आशा पल्लवित झाल्या होत्या. पण मोठ्या चाचणीत हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं आणि २०१२ साली ती थांबवावी लागली. आकडा सुधारला, रुग्ण नाही. पुढे २०१९मध्ये मधुमेहाच्याच मूत्रपिंडविकारात कॅनाग्लिफ्लोझिनला यश आलं. त्याचे निबंध तुम्ही वाचालच, पण बार्डोक्सोलोनचा आधी वाचा.

संशोधन म्हणजे महागडी प्रयोगशाळाच, असंही नाही. मुंबईच्या जसलोकमध्ये आणि पुढे चेन्नईत काम केलेल्या डॉ. एम. के. मणी यांनी खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांना हाताशी धरलं. लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे, ती गढूळ होते का ते पाहायचं, रक्तदाब मोजायचा आणि स्वस्त औषधं सुरू करायची. घरोघर जाऊन केलेली ती नोंद मला फार मोलाची वाटते.

आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात, उद्दानमच्या नारळ-काजूच्या पट्ट्यात, ना मधुमेह ना रक्तदाब अशा कष्टकऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होत आहेत. श्रीलंकेत आणि मध्य अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांतही तेच. उष्णता, पाणी, कीटकनाशकं असे अनेक संशयित आहेत. उद्दानममध्ये मात्र नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही. तुमच्यापैकी कोणीतरी हे काम हाती घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.