गावकऱ्यांची खोली : महाड-पोलादपूरचा गिरणगावातील निवारा

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या अर्वाचीन इतिहासाचा बराच भाग त्यांच्या हद्दीबाहेर घडलेला आहे. सावित्रीच्या खोऱ्यात भाताचे एक पीक आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी, एवढ्यावर कुटुंबाचे वर्ष निघत नसे. १८५६ साली ताडदेव येथे मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढील काळात या खोऱ्यातील पुरुष प्रथम दासगाव-बाणकोटच्या जलमार्गाने आणि नंतर मोटाररस्त्याने परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत जाऊ लागले. ते तेथे राहिले कसे आणि ती जागा त्यांच्या हातून गेली कशी, हा प्रश्न मात्र स्थानिक इतिहासात सहसा विचारला जात नाही. रायगड, उमरठ आणि चवदार तळे यांच्या तेजापुढे चाळीतील एक खोली अभ्यासकाच्या नजरेत न भरावी, हे समजण्याजोगे आहे. तथापि गावाचा संसार अनेक दशके त्या खोलीच्या आधाराने चालला होता.

या निवाऱ्याचे स्वरूप भाषेतच उमटलेले दिसते. 'घर' हा शब्द गावच्या वास्तूसाठी राखलेला होता. मुंबईत असे ती 'खोली' आणि तेथे मांडले जाई ते 'बिऱ्हाड'. बिऱ्हाड म्हणजे परक्या ठिकाणची तात्पुरती वस्ती. 'चाळ' हा शब्द घुंगरांच्या माळेसाठीही आहे आणि एका ओळीत गुंफलेल्या खोल्यांसाठीही. 'मुंबईची खोली' हा शब्दप्रयोग तर गावी एखाद्या शेताच्या नावासारखा वापरला जाई. सोयरीक जुळविताना भातशेती किती, याच्या जोडीने मुंबईस खोली आहे की नाही, हेही पाहिले जाई.

या खोल्यांपैकी विशेष लक्षात घेण्याजोगा प्रकार म्हणजे गावकऱ्यांची खोली. गावाच्या किंवा वाडीच्या मंडळाने एक खोली भाड्याने धरावयाची, सभासदांनी दरमहा ठरलेली वर्गणी द्यावयाची आणि वीस-पंचवीस, प्रसंगी त्याहूनही अधिक पुरुषांनी तीत राहावयाचे, अशी ही व्यवस्था होती. भिंतीलगत ज्याची त्याची पत्र्याची पेटी आणि वर वळकटी, एवढाच प्रत्येकाचा संसार. दिवसपाळीचा मनुष्य कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत होई. उरलेला पैसा मनीऑर्डरीने गावी जाई. हिशेब वार्षिक सभेत तपासला जाई आणि शिलकेतून देवळाचा जीर्णोद्धार किंवा शाळेची इमारत असे गावचे काम उभे राही. गावातील जातिव्यवस्थाही या खोल्यांबरोबर मुंबईस आली होती, हे विसरून चालणार नाही. खोली 'गावाची' म्हटली तरी ती बहुधा एका वाडीची, एका भावकीची असे.

या व्यवस्थेचे आर्थिक मर्म बदली कामगाराच्या स्थितीत आहे. बदली म्हणून लागलेला तरुण रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही. काम मिळेलच, याची शाश्वती नसे. पूर्ण भाडे भरण्याचा प्रसंग आला असता तर तो महिनाभरही शहरात टिकला नसता. वर्गणीची खोली होती म्हणूनच तो कायम होईपर्यंत तग धरू शकला. गिरणीमालकांना स्वस्त मजूर मिळत राहिला, त्याचेही एक कारण हेच होय.

कामगारवस्ती आणि खोरे यांच्यातील ही ये-जा केवळ पैशाची नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या संघटनेत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा पुढाकार होता. मुंबई आणि महाड या दोन्ही ठिकाणी त्यांचा वावर असे. स्वतः डॉ. आंबेडकरही त्या काळी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत असत.

स्वस्त जागा ही काही कोणाची कृपा नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता, प्रत्यक्षात सुमारे सोळा हजारच झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील या २०७ बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. खासगी चाळींत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूस त्यामुळे स्थैर्य लाभले. मालकाने मात्र दुरुस्तीकडे पाठ फिरविली आणि अधिकृत भाड्यामागे 'पागडी'चा व्यवहार रूढ झाला. डोक्यावरील मानाचे वस्त्र दाखविणारा शब्द बिनपावतीच्या पैशास लागावा, हा मराठीतील अर्थांतराचा एक बोलका नमुना आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अनेकजण गावी परतले आणि भातशेतीने त्यांना जगविले. खोली मात्र सुटली नाही; भाडे अल्प असल्याने ती राखणे शक्य होते. खोली गेली ती त्यानंतर, आणि नोकरीहून निराळ्या मार्गाने. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटप ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ मोकळ्या जागेपुरते उरले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले. लोअर परळचा उल्लेख जाहिरातींतून 'अपर वरळी' असा होऊ लागला. 'परळ' या नावाला चिकटलेला कामगारवस्तीचा वास विक्रीस अडचणीचा ठरत असावा.

जमिनीचे मोल वाढताच जुन्या चाळींचा पुनर्विकास फायद्याचा झाला. येथे कायद्याची दृष्टी आणि गावाची दृष्टी यांतील अंतर उघड होते. पुनर्विकासात एका खोलीस एक सदनिका मिळते, ती भाडेपावतीवर ज्याचे नाव असेल त्यास. गावकऱ्यांच्या खोलीची पावती बहुधा एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाच्या नावे असे, कारण कोणाचे तरी नाव लागणे भाग होते. ते नाव त्या वेळी केवळ सोयीचे होते. पुढे तेच मालकीचे झाले. पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरणारे बाकीचे सभासद कायद्याच्या हिशेबात मुळातच नव्हते. 'पोटभाडेकरू' हा शब्दही त्यांना लागू पडत नाही. ते सभासद होते, आणि सभासदत्व हा भाडेकरारातील हक्क नव्हे.

याचा अर्थ पुनर्विकास सर्वस्वी हानिकारक झाला, असा नाही. बी.डी.डी. चाळीतील भाडेकरूस १६० ऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. वरळी येथे ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. सामाईक संडासापुढे रांग लावून आयुष्य काढलेल्या गृहिणीस या लाभाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न उरतो तो गावाहून नव्याने येणाऱ्याचा. त्याची जागा या हिशेबात कोठेच नाही.

कापडगिरण्यांचे दुसरे मोठे आशियाई शहर शांघाय. तेथेही एकाच गावच्या वा प्रांताच्या लोकांची मंडळे होती. १९४९ नंतर ती राज्यसत्तेने मोडीत काढली; 'लिलाँग' नावाच्या गल्ल्यांतील दाट वस्तीची घरे १९९० नंतर मोठ्या प्रमाणावर पाडली गेली आणि रहिवासी उपनगरांत हलविले गेले. सूचौ खाडीकाठच्या एका जुन्या गिरणीत आता चित्रदालने आहेत. गिरणगावात मंडळे कोणी मोडली नाहीत. त्यांच्या पायाखालची खोली तेवढी गेली.

गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली. तथापि घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची व त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाच्या वर होती. पुढे शेलू आणि वांगणी येथील घरे पुढे करण्यात आली, तेव्हा कामगारांनी विरोध नोंदविला. शेलू हे कर्जत तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. मुंबईत शतकभर राबलेल्या खोऱ्याला परतीच्या वाटेवर आपल्याच जिल्ह्याचे दुसरे टोक दाखविले गेले.

पोलादपूरहून आज निघणारा तरुण पनवेल, दिवा किंवा नालासोपारा येथे उतरतो. अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांचा करार यांवर त्याची जागा ठरते. तिला तो 'रूम' म्हणतो. सोयरिकीच्या बोलण्यात आता विचारले जाते ते, रूम स्वतःची की भाड्याची.