औरस आणि दत्तक

गोंदियाहून नागपुरास जातांना आगगाडींत समोरच्या सद्गृहस्थांनीं माझ्या सात वर्षांच्या कन्येकडे पाहून विचारलें, "हिचे खरे आईबाप कोण?" मुलगी दत्तक आहे, हें आमच्याच बोलण्यांतून त्यांच्या कानीं गेलें होतें. प्रश्नांत दुष्टावा नव्हता. तो असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. मीं "आम्हीच" एवढेंच म्हटलें. तिरोड्यापासून भंडारा रोड येईपर्यंत कन्या गप्प होती, मग तिनें हळूच विचारलें, "बाबा, मग तुम्ही खोटे का?"

इतिहास हा माझा व्यवसाय, म्हणून मन तिकडे वळलें. आमचा गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून निराळा झाला. पण हा सारा मुलूख मूळचा नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. औरस पुत्र नाहीं, राजानें हयातींत दत्तक घेतला नाहीं, सबब राज्य खालसा, असा डलहौसीचा निवाडा झाला. मागाहून यशवंतराव अहिरराव ह्यास दत्तक घेऊन जानोजी हें नांव ठेवण्यांत आलें. तें त्यानें मानलें नाहीं. राणीवशाच्या डोळ्यांदेखत हत्ती-घोड्यांचा लिलाव झाला. जडजवाहीर कलकत्त्यास विकावयास गेलें.

आतां मौज पाहा. हे तिसरे रघूजी स्वतःच दत्तक होते! १८१८ सालीं आप्पासाहेबांस पदच्युत केल्यावर दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा मुलगा बाजीबा दत्तक घेवविला गेला आणि गादीवर बसला. ही सारी व्यवस्था कंपनीच्या रेसिडेंटाच्या, म्हणजे जेंकिन्सच्या, देखरेखीखालीं झाली. त्या वेळीं त्या दत्तकाचें खरेंखोटेपण कोणी पारखलें नाहीं. अवघ्या पस्तीस वर्षांत कंपनीस रक्ताची महती पटली, आणि तीही तिजोरी भरण्याच्या वेळीं. डलहौसी भोसल्यांच्या घरांत परका होता. घरच्या मंडळींनीं ज्यास आपला म्हटलें त्यास परका ठरविण्याचा अधिकार मात्र त्यानें स्वतःकडे घेतला. गाडींतल्या सद्गृहस्थांस राज्य नको होतें, एवढाच काय तो फरक.

आपल्या जुन्या शास्त्रकारांसही निर्दोष म्हणवत नाहीं. त्यांच्या लेखीं दत्तक हवा तो पिंड देण्यासाठीं, तेव्हां बहुधा पुत्रच. हिंदूंस मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक मिळाली ती १९५६ च्या कायद्यानें. त्याच कायद्यानें दत्तक अपत्य सर्व बाबतींत दत्तक घेणाऱ्यांचेंच मानलें.

कन्येस हें सारें सांगणें शक्य नव्हतें. "खोटे असतों तर तुझा हात धरून बसलों असतों का?" असें मीं म्हटलें. ती म्हणाली, "ते काका पण धरूं शकतात," आणि खिडकीबाहेर पाहूं लागली.

जानोजीस १८५७ च्या बंडानंतर सरकारनें मान्यता दिली आणि राजेबहादूर ही पदवीही दिली. परंतु ती साताऱ्याकडील देऊरची, नागपूरची नव्हे.