मुष्टिफंड आणि मत

मागच्या शनिवारी अनसिंगला घरी होतो. संध्याकाळी आतेभाऊ आला. एम.एस्सी., नेट पास, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. चार महिन्यांचं मानधन अडकलंय, मुलांची फी मात्र यंदाही वाढली. म्हणाला, "शिकवतो आमी, फी भरते लोकं, मंग कॉलेज कोनाचं?"

पुण्याला परतताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात. शिकवणारे आणि शिकणारेच कॉलेजचे मालक झाले तर? म्हणजे सहकारी विद्यापीठच की! ऐकायला नवं वाटतं, पण महाराष्ट्रात लोक याच्या जवळपास दोनदा तरी पोचले होते.

पहिल्यांदा पुण्यात. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तिथे शिकवणारे आजीव सदस्यच संस्थेचा रोजचा कारभार बघायचे. अट एकच, तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं द्यायची. गोखल्यांनी दिली. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले परांजपे तिथली संधी सोडून महिना ७५ रुपयांवर आले. (आपण दहा टक्के हाईकसाठी कंपनी बदलतो. असो.)

पण तिथेही खटके उडालेच. सदस्यांनी बाहेरची कामं करून कमवावं का? टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ संस्थेचा. बाकीच्यांचं म्हणणं, घर चालवायचं कसं? १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. मालक झालं म्हणून पैशाचे प्रश्न सुटत नाहीत, हा पहिला धडा. आणि तिथे शिक्षकांच्या हाती कारभार होता, मुलं आणि पालक त्यात नव्हतेच.

दुसऱ्यांदा साताऱ्याकडे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पैसा कुठून आला? बायाबापड्या दळणाआधी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायच्या, तो मुष्टिफंड. मुलं शेतात राबून शिकायची, ती 'कमवा व शिका'. लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं. १९४८ च्या सुमारास सरकारशी बिनसून अनुदान थांबलं, तेव्हा संस्था तगली ती लोकवर्गणीवर. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा भाऊरावांच्या पाठीशी होते. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी बाबांचंच नाव दिलं. इकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तीही शेतकऱ्यांच्याच पोरांसाठी.

आता खरी गोम. मूठ लोकांची, घाम लोकांचा, पण मत? कायदा बघा. साखर कारखाना नोंदवला जातो सहकार कायद्याखाली. तिथे एक सभासद, एक मत, शेअर कितीही असोत. त्याच परिसरातलं कॉलेज मात्र चालतं १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्यात मत आहे, पण त्याची मुलगी ज्या कॉलेजात शिकते तिथे तो नुसता 'पालक'. आमच्या भाषेत, फंडिंग घेतलं पण लॉगिन दिलं नाही. भाऊरावांसारखा माणूस असेपर्यंत हे खपून गेलं. १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांचं पेव फुटलं, तेव्हा कळलं की माणूस बदलला तर थांबवणारं कुणी नाही.

स्पेनमध्ये मोंद्रागोनला एका पाद्र्याने १९४३ साली गावाच्या मदतीने तंत्रशाळा काढली. १९५६ मध्ये तिच्याच विद्यार्थ्यांनी सहकारी कारखाना काढला आणि १९९७ मध्ये विद्यापीठ. तिथल्या आमसभेत कर्मचारी, विद्यार्थी आणि सहयोगी संस्था, तिघांनाही मत आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये आणंदला त्रिभुवन विद्यापीठ झालं, पण ते सहकाराचं विद्यापीठ आहे, सहकारी विद्यापीठ नव्हे.

म्हणून उद्या सगळी कॉलेजं सहकारी करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नागपूर, वर्धा, बुलढाण्याच्या जिल्हा बँका कशा डबघाईला आल्या ते विदर्भाने पाहिलंय. मतं असून सभासद गप्प बसले तर मतांचाही उपयोग नसतो. शिवाय नुसत्या वर्गणीवर प्रयोगशाळा चालत नाही, सरकारी अनुदान लागणारच. सरकारने अंग काढून घ्यायला सहकार हे निमित्त होऊ नये. पण जमाखर्च वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मांडायचा, आणि शिक्षक-पालकांना तिथे हात वर करायचा हक्क द्यायचा, एवढं तरी? त्याला पैसा लागत नाही.

रविवारी रात्री बाबांना फोन केला. ते गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या प्रत्येक आमसभेला जातात, चहा पिऊन भांडूनही येतात. विचारलं, "माझ्या कॉलेजच्या मीटिंगला तुम्हाला कधी बोलावलं होतं का हो?"

बाबा हसले. "आपल्याले कोन बोलावते तिथं? आपल्याले पावती देते."